दोनशे छप्पन्न घरांच्या तीन गाड्या

सोमवारी सकाळी पावणेनऊला शाल्मली भोयर दप्तर घेऊन खाली उतरली आणि फाटकापाशी थबकलीच. फाटकाबाहेर ओळीनं अकरा गाड्या उभ्या होत्या. अकराच्या अकरा रिकाम्या. आणि त्यांच्या शेजारी चौदा माणसं घड्याळं बघत उभी होती. गाडी मिळत नाही म्हणून त्यांची कुरकुर चालली होती.

आता सांगा, गाड्या समोर उभ्या, माणसं समोर उभी, मग अडलंय कुठे?

साल होतं २०५६. नागपुरात, ऐन सीताबर्डीत, ‘सप्तर्षी’ नावाची बत्तीस मजली इमारत. मजल्यावर आठ घरं, म्हणजे एकूण दोनशे छप्पन्न. इमारतीला वाहनतळ नव्हता, कारण इथे कुणाची स्वतःची गाडीच नव्हती. दुकानं खालीच, दवाखाना कोपऱ्यावर, मेट्रो पाच मिनिटांवर. त्यापलीकडे कुठे जायचं असेल तर फिरती मागवायची. फिरती म्हणजे चालकाशिवाय धावणारी, कुणा एकाच्या मालकीची नसलेली गाडी. घरातल्या भिंतीवर एक फलक असे, त्यावर बोट ठेवलं की फिरती निघायची. तिच्या कपाळावर हिरवा दिवा असला तर ती मोकळी, लाल असला तर कुणीतरी मागवलेली. त्या अकराही गाड्यांचे दिवे लाल होते.

“पुरे झालं हे,” सोसायटीचे सचिव भुते काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “रविवारच्या सभेत ठराव मांडतो. ज्याची त्याची गाडी घ्यायची. पटांगणावर चार मजली वाहनतळ बांधू.”

माणसांनी माना डोलावल्या आणि शाल्मलीनं पटांगणाकडे वळून बघितलं. त्या पटांगणात तिच्या खो-खोच्या संघाचे दोन खांब रोवलेले होते. आजूबाजूच्या उंच इमारतींमध्ये मातीचा तेवढाच एक तुकडा उरला होता. खडे टोचू नयेत म्हणून बारा मुलींनी ती माती स्वतः चाळली होती, आणि जिल्हा स्पर्धा महिन्यावर आली होती. रविवारी हात वर झाले की सगळं संपणार होतं. शाल्मलीला रडू नाही आलं, राग आला. सभेला सहा दिवस होते आणि तेवढ्यात काय ते करायचंच असं तिनं ठरवून टाकलं.

शाळेतून आल्यावर ती तडक एकोणतिसाव्या मजल्यावर मेश्राम आजोबांकडे गेली. आजोबा निवृत्त रहदारी-गणिती होते, म्हणजे शहरात गाड्या आणि माणसं कशी वाहतात याचं गणित मांडणारे शास्त्रज्ञ. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लगेच द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

“काय करून राहिली बापा तू? चेहरा का असा?” त्यांनी विचारलं. शाल्मलीनं एका दमात सगळं सांगितलं.

आजोबा हसले. “माझ्या लहानपणी एसटी फलाटावर लागली, की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकत. रुमाल पडला की जागा त्याची. मी तर एकदा दोन गाड्यांत रुमाल टाकले होते. जी आधी सुटेल तिच्यात बसायचं.”

“मग दुसऱ्या गाडीतली जागा?”

“रिकामी गेली. कुणीतरी बिचारं रुमालाकडे बघत उभं राहिलं असेल.” आजोबांनी चष्मा पुसला. “त्या अकरा गाड्यांत कुणाचे रुमाल पडले होते, ते शोध आधी. सुरुवात आपल्या घरापासून कर.”

शाल्मली घरी आली आणि फलकावर सकाळची नोंद उघडली. भोयरांच्या घरातून तीन फिरत्या मागवल्या होत्या. एक पावणेनऊची आईच्या नावावर, एक नऊची शाल्मलीच्या नावावर आणि एक सव्वानऊची चक्क आजीच्या नावावर. आजी राहायची काटोलला. नागपुरात तिच्या नावानं रोज सकाळी एक गाडी येऊन उभी राहते, हे त्या बिचारीच्या गावीही नव्हतं.

“आई, हे काय गं?”

आई पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही. “अगं, एक चुकली तर दुसरी हाताशी असावी. सगळेच करतात.”

“न वापरलेली गाडी वीस मिनिटं दारात थांबते आणि मग मोकळी होते. तोवर ती कुणालाच मिळत नाही.”

“मग मी एकटीनं शहाणपणा केला तर ती काय लवकर येणार आहे? उशीर मात्र मला होईल.”

शाल्मलीनं फलक बंद केला. आणि खरं सांगायचं तर तिनं स्वतःही शनिवारी खो-खोच्या सामानासाठी दोन गाड्या मागवल्या होत्या. ते आठवून तिचे कान गरम झाले.

मंगळवारी तिनं आजीच्या गाडीचं सांगितलं, तसा आजोबांनी तिच्यापुढे कागद ठेवला. “लिही. सकाळच्या तासाभरात किती घरांना गाडी लागते?”

“फलकावर घरं मोजलीत मी, नव्वद. बाकीचे मेट्रोनं नाहीतर पायी जातात.”

“आपल्याकडे फिरत्या साठ. एक फिरती तासाला दोन फेऱ्या मारते. म्हणजे?”

“एकशेवीस फेऱ्या. आणि हव्यात नव्वदच.” शाल्मली थांबली. “म्हणजे गाड्या पुरून उरायला हव्यात, आजोबा. पण प्रत्येकानं तीन मागवल्या की होतात दोनशे सत्तर.”

“बरोबर. पहिल्या दिवशी कुणाला तरी पाच मिनिटं थांबावं लागलं. त्यानं दुसऱ्या दिवशी दोन मागवल्या. त्यामुळे आणखी चौघांना थांबावं लागलं, मग त्यांनीही दोन-दोन. थांबावं लागतं म्हणून जास्त मागवायच्या, आणि जास्त मागवल्या म्हणून आणखी थांबायचं. याला म्हणतात प्रत्याभरण (परिणाम उलट फिरून आपल्याच कारणाला खतपाणी घालतो, ती साखळी).”

“मग एका नावावर एकच गाडी, असं कुलूप घालू या फलकावर.”

“घाल की. मग काटोलची आजी आहेच.” आजोबा गंभीर झाले. “गाड्या कमी नाहीत, पोरी. लोकांच्या मनात भीती आहे. ऐन वेळी गाडी मिळाली नाही तर काय, ही ती भीती. ती खोटी नाही. तेव्हा ती मोज. मागच्या महिन्यात खरोखर ताबडतोब गाडी किती वेळा लागली, आणि कधी, ते घरोघर विचार.”

“दोनशे छप्पन्न घरं?”

“मी कुठे म्हटलं सोपं आहे म्हणून?”

शाल्मलीनं वही उचलली. रोज शाळेनंतर ती वरच्या मजल्यावरून सुरू करायची आणि जिन्यानं खाली उतरत यायची, कारण लिफ्टची वाट बघण्यात अर्धी संध्याकाळ गेली असती. कुणी चहा विचारला, कुणी दार उघडलंच नाही. बाविसाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी तिला माल विकणारी समजून हाकललं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि तिसऱ्या दिवशीही गेली. तेव्हा त्या बाईंनी हात टेकले आणि मुकाट्यानं उत्तर दिलं. शुक्रवारपर्यंत तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि एकच दार उरलं होतं. भुते काकांचं.

तिनं मुद्दामच ते शेवटी ठेवलं होतं. चार खडे बोल सुनवायचे, असं मनात योजून तिनं घंटा वाजवली. दार कमळकाकूंनी उघडलं. त्यांच्या दंडावर पांढरी पट्टी होती आणि चेहरा ओढलेला.

“ये गं. हे आत आहेत.”

भुते काकांनी वही बघितली आणि सुस्कारा सोडला. “लिही. आठवड्यातून तीनदा काकूंना रक्त यंत्रानं शुद्ध करून घ्यायला न्यावं लागतं. ते ठरलेलं असतं. पण मागच्या महिन्यात दोनदा अचानक श्वास लागला. पहिल्या वेळी गाडी यायला अठ्ठावीस मिनिटं लागली. तेव्हापासून मी दिवसभर चार-चार मागवून ठेवतो.” मग ते हळूच म्हणाले, “मला तुमच्या पटांगणाशी वैर नाही, पोरी. मी घाबरलोय.”

शाल्मलीनं पेन उघडलं. तिनं वहीत ‘२’ लिहिलं आणि पायऱ्या चढत आजोबांकडे गेली. “काकांचं म्हणणं खरं आहे,” ती म्हणाली. “आता पटांगण कोणत्या तोंडानं मागायचं मी?”

“त्यांची भीती खरी आहे. उपाय बरोबर आहे का, ते तुझी वही सांगेल. बेरीज कर.”

सगळ्या इमारतीत मिळून महिन्याभरात ताबडतोब गाडी लागली होती एकोणीस वेळा. एकाच वेळी दोन घरांना लागली असं एकदाच घडलं होतं. तीन घरांना एकदम लागली असं एकदाही नाही.

शाल्मलीनं त्या आकड्यांखाली रेघ ओढली. “म्हणजे प्रत्येक घर आपल्या अडचणीसाठी गाडी अडवून ठेवतं. पण सगळ्यांची अडचण एकाच क्षणी येतच नाही.”

“याला संभाव्यता म्हणतात (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, ते मोजणारं गणित). पुढे?”

“पुढे असं, की तीन गाड्या फाटकाशी कायम उभ्या ठेवायच्या. अडीअडचणीलाच वापरायच्या. एक गेली की तिच्या जागी लगेच दुसरी मोकळी गाडी यायची. दोनशे छप्पन्न घरांना तीन पुरतील, आजोबा.”

“शाब्बास. हाच सामाईक राखीव साठा (एकेकट्यानं वेगळं न ठेवता सगळ्यांनी मिळून राखून ठेवलेलं). एका महिन्यावरून छातीठोक सांगता येत नाही, म्हणून मोजत मात्र राहायचं.”

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. काकांनी ठराव मांडला. मग शाल्मली उभी राहिली. तिनं वही उघडली.

“आधी आमच्या घरचं सांगते. आम्ही रोज तीन गाड्या अडवतो. त्यातली एक काटोलच्या आजीसाठी असते.” लोक हसले. आई पदरात तोंड लपवून हसली. शाल्मलीनं आकडे सांगितले, नव्वद आणि एकशेवीस, दोनशे सत्तर, एकोणीस. मग तीन राखीव गाड्यांचा उपाय मांडला.

भुते काका म्हणाले, “तीन गाड्या राखीव. आणि माझी वेळ आली तेव्हा तिन्ही गेलेल्या असल्या तर?”

खोटं बोलणं सोपं होतं. शाल्मली म्हणाली, “असं होऊ शकतं, काका. क्वचितच, पण होणारच नाही असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगते, की आज अठ्ठावीस मिनिटं लागतात.”

काका खाली बसले. तेवढ्यात मागच्या रांगेत कमळकाकू खुर्चीचा आधार घेऊन उठल्या.

“अहो, तुम्ही चार मागवता,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आणि आपण जातो एकीतून. उरलेल्या तिन्हींची वाट बघत कुणाच्या तरी घरी माझ्यासारखीच कुणी पडलेली असेल. मला त्या गाड्या नकोत.”

काकांनी मान खाली घातली, मग सभागृहाच्या भिंतीवरच्या फलकाशी जाऊन आपल्या तीन गाड्या रद्द केल्या. त्यांच्या मागे शाल्मलीची आई गेली. मग एकेक करत रांगच लागली. वाहनतळाच्या ठरावाला अखेर सदतीस मतं पडली, विरोधात एकशे एक्क्याण्णव. पटांगण वाचलं.

पहिले दोन दिवस गोंधळ झाला आणि शाल्मलीलाच शाळेत उशीर झाला, बोलणी खावी लागली. तरी तिनं दुसरी गाडी मागवली नाही. बुधवारपासून फिरती चार मिनिटांत येऊ लागली. राखीव गाडीनं काकूंना पुढच्या महिन्यात एकदा अचानक न्यावं लागलं, तेव्हा ती निघायला दीड मिनिट लागलं. शाल्मलीनं तेही वहीत लिहून ठेवलं.

स्पर्धेनंतरच्या रविवारी सराव चालू असताना पलीकडच्या इमारतीतल्या दोन मुली कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या बागेवर वाहनतळ होणार होता. तू काय केलंस ते आम्हाला सांगशील का, असं त्यांनी विचारलं.

शाल्मलीनं हातावरची माती झटकली. “किती मजले आहेत तुमचे?”

“चाळीस.”

“मग आठवडा पुरायचा नाही,” ती म्हणाली. “चला, वरून सुरू करू.”