जोडसायकल

पनवेलच्या भर बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेसमोर कुमार टिपणिसांचे पाय रस्त्याला चिकटले, आणि रुचिराचा जीव टांगणीला लागला.

"बाबा, चला ना... मागे रिक्षा आहे," ती त्यांचा दंड ओढत होती. पार्किन्सन होऊन पाच वर्षं झाली होती. चालता चालता पाय असे थिजायचे, आणि ओढलं की आणखीच घट्ट व्हायचे. रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता, आणि पनवेलकर तर काय, फुकटचा तमाशा बघायला उभेच.

"ओढू नका, मॅडम. पडतील ते."

उंच, सावळा तरुण. त्याने आपली सायकल सरळ तिच्या हातात दिली — विचारलंसुद्धा नाही — आणि बाबांच्या बुटांपुढे स्वतःचा पाय आडवा ठेवला. "काका, यावरून पाय टाका. उंबरा ओलांडतो तसा."

बाबांनी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि तुरुतुरु चालायला लागले. रुचिरा परक्या माणसाची सायकल धरून तिथेच. आभार मानायचे होते, तोंडातून भलतंच निघालं. "तुम्ही... डॉक्टर आहात?"

"नाय. बंदरावर कंटेनरच्या यार्डात नोकरी करतो. माझे बाबा असेच अडकायचे." तो हसला. "सायकल द्या आता. का ठेवूनच घेता?"

तर असा हा प्रणित. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, जिभेला हाड नसलेला. जाता जाता त्याने बाबांना विचारलं, "काका, सायकल येते?" बाबा म्हणाले, कॉलेजला सायकलनेच जायचो. झालं! दोघांचं रस्त्यातच जमलं.

प्रणितचं म्हणणं असं, की ज्याचे पाय चालताना अडकतात त्याचे पॅडलवर बऱ्याचदा अडकत नाहीत. दोन सीटची सायकल घ्यायची, पुढच्याने वेग राखायचा, साखळी एकच, त्यामुळे मागच्याचे पाय त्याच वेगाने फिरणार. त्याने अंग मोकळं होतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. रुचिराला हा शुद्ध वेडेपणा वाटला. पण डॉक्टर म्हणाले, "करून बघा. आजार जाणार नाही, पण काहींना फरक पडतो. गोळ्या चालू ठेवा, हेल्मेट घाला."

सायकलवाल्या काशिरामच्या दुकानात दोन जुन्या सायकली कापून, जोडून एक लांबलचक प्रकरण तयार झालं. दर रविवारी सकाळी ते सुकापूरहून नेऱ्याच्या रस्त्याला लागायचं. पुढे प्रणित, मागे बाबा, आणि त्यांच्या मागे स्कूटीवर रुचिरा — पाणी, टॉवेल, गोळ्या, बँडेज, म्हणजे अर्धं मेडिकल घेऊन.

"मॅडम, तुम्ही सोबत येता की पोलिसांसारखा पाठलाग करता?"

"तुम्ही आधी वेग कमी करा."

"वेग हेच तर औषध हाय. मिनिटाला ऐंशी फेरे. काका, दमलात?"

"मी नाही," बाबा धापा टाकत म्हणायचे. "हिला विचार. हीच दमलेली दिसते."

आणि खरं सांगायचं तर पोरगी कामातून गेली होती. मागून यायचं म्हणजे त्याचा चेहरा दिसणार कसा? लोक प्रेमात डोळे पाठ करतात, हिने तीन महिन्यांत त्याची मान पाठ केली. घामाने चिकटलेला शर्ट, कानामागचा तीळ... वळणावर तो मागे बघायचा, आणि हिला नेमका तेव्हाच स्कूटीचा आरसा पुसायचा असायचा.

एका रविवारी निघताना ती बाबांच्या शर्टाची बटणं लावत होती. प्रणित दारात उभा राहून म्हणाला, "त्यांचे हात बांधलेत का?"

रुचिरा तडकली. "त्यांना वेळ लागतो. तुम्हाला काय कळणार?"

"मलाच कळणार," तो हळू आवाजात म्हणाला. "माझे बाबा तांडेल होते, होडी चालवायचे. हात थरथरायला लागले तसं आम्ही त्यांना काय करू दिलं नाय. घास आम्ही भरवायचा, पाणी आम्ही धरायचं. प्रेमानं खाटेवर बसवलं गं त्यांना... मग ते खाटेवरून उठलेच नाय."

तिने बटणांवरचे हात काढून घेतले. बाबांनी उरलेली चार बटणं सात मिनिटांत लावली. आणि तो आपल्याला 'गं' म्हणाला, हे तिच्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही.

दिवाळीनंतर ते आपटा गावापर्यंत गेले. बाबा टपरीवर चहा घेत बसले — अर्धा कप बशीत सांडत, पण स्वतःच्या हाताने. ही दोघं पाताळगंगेच्या काठावर.

"रुचिरा, एक विचारू?"

"नको."

"अजून विचारलं कुठे?"

"मला माहीत आहे तू काय विचारणार ते... आणि माझं उत्तर 'नाही' असंच आहे. आई गेल्यापासून बाबांना मीच आहे. मी लग्न करून गेले, तर त्यांना कोण बघणार? तू मला आवडतोस, प्रणित. खूप आवडतोस. म्हणून तर सांगते, विचारू नकोस."

त्याने एक खडा उचलला, फेकला नाही, खिशात ठेवला. "बरं," एवढंच म्हणाला. परतीच्या वाटेवर त्याने एकदाही मागे बघितलं नाही.

पुढच्या रविवारी रुचिराने डोकं दुखण्याचं निमित्त केलं. सायकल सहाला गेली. नऊ वाजले, दहा वाजले... बाबांचा फोन घरातच वाजत होता. शेवटी प्रणितने फोन उचलला. "काका आमच्या घरी आहेत. तू ये. मला काय बोलताच येत नाय."

ती स्कूटी दामटत कोळीवाड्यात पोहोचली. बघते तर बाबा ओटीवर खुर्चीत, समोर प्रणितची आई सोनाबाई, आणि मधे बोंबलाच्या कालवणाचा वास.

"बाबा, काय चाललंय हे?"

"मागणी घालायला आलोय," बाबा म्हणाले. "मुलीच्या बापाने मुलाकडे जायचं, रीतच आहे. तू सोडून मला दुसरी मुलगी नाही, तेव्हा तुझ्यासाठीच घातली."

प्रणित खाली मान घालून पुटपुटला, "मला वाटलं पाणी प्यायला थांबायचंय."

"आणि तुम्हाला कोण बघणार?" रुचिराचे डोळे भरले.

बाबांचा हात मांडीवर थरथरत होता. त्यांनी तो दाबला नाही. "त्या दिवशी नदीवर तुझा आवाज टपरीपर्यंत येत होता. ऐक. या हाताचं मला काही वाटत नाही. पण माझं नाव पुढे करून तू तुझं आयुष्य अडवलंस, तर ते मला झेपायचं नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये जागा रिकामी आहे. तिथे राहा, रोज येऊन भांडा. पण मला तुझ्या नकाराचं कारण करू नकोस, बाळा."

सोनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "भाऊ बरोबर बोलतात. आमी एकदा चुकलो हाय. तू नको चुकू."

रुचिरा तशीच बाहेर आली. ओहोटीची खाडी, चिखलात कललेल्या होड्या. मागून प्रणित आला आणि हातभर अंतर ठेवून उभा राहिला.

"मी काय सांगितलं नव्हतं त्यांना. शप्पथ."

"माहितेय." तिने नाक पुसलं. "मला भीती वाटते, प्रणित. पुढे आजार वाढेल, मी चिडेन, रडेन, तुझ्यावर ओरडेन..."

"आताही ओरडतेसच की."

ती रडता रडता हसली. मग हातभर अंतर तिनेच कमी केलं, आणि त्याच्या बोटांत बोटं अडकवून उभी राहिली. दोघांचेही हात गार पडले होते.

घरातून सोनाबाईंची हाक आली. "होय म्हनली का नाय? भात निवतो!"

"हो म्हणाले, आई," रुचिराने तिथूनच उत्तर दिलं.

प्रणित बघतच राहिला. "मला कधी म्हणालीस?"

"आत्ता," ती म्हणाली. "चल, बाबांना भूक लागली असेल... आणि ऐक, त्यांना त्यांचं ताट स्वतः वाढून घेऊ दे."