नाण्यावरचा अंगठा

"अहो, हात नका लावू—"

नाण्यांच्या दुकानातली निवेस हे म्हणेपर्यंत उशीर झाला होता. काउंटरपलीकडच्या उंच तरुणाने डबी उघडून चांदीच्या नाण्यावर अंगठा टेकवलासुद्धा. आरशासारखं लखलखतं नवंकोरं नाणं, आणि त्यावर हा ठसठशीत ठसा.

"पुसतो ना," म्हणत त्याने बाही पुढे केली.

"पुसलंत तर ओरखडे पडतील. ही नाणी डबीतून काढायचीच नसतात. सॅन मारिनोचेच ना तुम्ही? आपला एवढासा देश नाण्यांवरच तर ओळखला जातो."

"इथलाच. पण आमच्या घरी नाणी खर्चायला असतात."

तिला हसू आवरेना. भाचीच्या बाप्तिस्म्याला त्याने तेच नाणं भेट म्हणून नेलं, ठशासकट. मामाची सही, म्हणाला.

त्याचं नाव नेव्हिओ. डोंगरावर येणारा रोपवे चालवायचा. वारा सुटला की रोपवे बंद, आणि स्वारी निवेसच्या दुकानात हजर... बघता बघता तिला वाऱ्याची वाट बघायची सवयच लागली. गप्पा साऱ्या जगाच्या व्हायच्या, मनातलं तेवढं दोघांच्याही ओठांवर येत नव्हतं. त्यात दूर परदेशात, बाझल शहरातल्या एका नाण्यांच्या लिलावघराने तिला नोकरीला बोलावलं. सोमवारी निघायचं होतं. तिने त्याला सांगितलं, आणि तेव्हापासून हा गडी फिरकलाच नाही.

शनिवारी नवी नाणी विक्रीला आली. दुकानात ही गर्दी, आणि निवेसचं चित्त थाऱ्यावर नाही. सोनं मागितलं की चांदी देत होती. सारखी खिडकीकडे बघत होती. बाहेर तर पान हलत नव्हतं. आज कसला येतोय तो...

पण रांगेच्या शेवटी नेव्हिओच उभा होता.

"रोपवे?"

"सुट्टी काढली. सोन्याचं दाखव ना एक."

"सोन्याचं? कुणाला?"

"आई म्हणते, घरात येणाऱ्या मुलीला सोनं द्यावं."

तिने सोन्याच्या नाण्याची डबी काढून समोर ठेवली. "ठरलं वाटतं. कशी आहे मुलगी?"

"फार बोलते. हात लावला की ओरडते."

निवेसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. डबीचं झाकण उगाच दाबत ती म्हणाली, "म्हणजे... जाऊ नकोस, असं सांगायला आलायस?"

"आठवडाभर तेच घोकत होतो. पण बाझलचं नाव काढलंस तेव्हा तुझा चेहरा बघितलाय मी. तू जा, निवेस. फक्त... माझं प्रेम आहे तुझ्यावर, हे न सांगता तुला जाऊ देणं जमेना."

"मग इतके दिवस काय मिठाची गुळणी धरली होतीस?" तिचे डोळे भरून आले. "मलाही तूच हवायस, वेड्या. वर्षभर शिकते तिथे, आणि परत येते. तुझं सोनं तेव्हाच घेईन."

"बघ हं. पुढच्या वर्षी नाणी निघाली की रांगेत पहिला मीच."

"रांगेत कशाला ताटकळतोस?" निवेस म्हणाली. "डोंगराखाली रिमिनीच्या रेल्वे स्टेशनवर ये, मला घ्यायला."