केसरआत्याचं कडं

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. साल १९७४. कार्तिकातली अमावस्या, दिवेलागणीची वेळ. भोसरीतली एक लहानशी पितळेची फाउंड्री.

ज्योतीराम भट्टीवर होता. सकाळची शिफ्ट संपवून ओव्हरटाइमला थांबलेला. डोळे चुरचुरत होते. कधी एकदा कुरुळीला घरी जाऊन आडवा होतो, असं त्याला झालं होतं.

त्यानं भंगाराची पाटी भट्टीतल्या मुशीत रिकामी केली. तोट्या, मोडक्या समया, फुटके गडू... सगळं वितळून पाणी झालं.

एक कडं मात्र तरंगत राहिलं.

त्यानं वाकून पाहिलं. कड्यावर विंचू कोरलेला होता.



हे केसरआत्याचं कडं! तिच्या सासरी चार पिढ्या चालत आलेलं. विंचू चावो, दाढ ठणको, बाळंतीण अडो... आत्या ते दुखऱ्या अंगावर ठेवायची आणि दुखणं उतरायचं. गेल्या पावसाळ्यात तिच्या घराची भिंत पडली, तेव्हा ते हरवलं. गाव शोधून दमला होता.

त्यानं सांडशी उचलली.

कडं हळूच बुडालं.

तेवढ्यात वीज गेली. ब्लोअर थांबला. सगळं चिडीचूप...

आणि मुशीतून कण्हणं ऐकू आलं.

आधी एक बाई. मग कुणी म्हातारा. मग तान्ही पोरं... कितीतरी.

ज्योतीरामच्या मनगटात विंचवाची कळ उठली. ती दाढेत शिरली. मग कमरेत अशी वेण आली, की तो मटकन खाली बसला.

साचे भरणारा हिंदुराव धावत आला. "काय झालं राव?"

"ऐकू येतंय का?"

हिंदुराव थबकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण रडतंय रे?"

वीज आली. ब्लोअरच्या घरघरीत आवाज विरून गेला. माल सकाळी जायचा होता. दोघांनी रस साच्यांत ओतला.

दुसऱ्या दिवशी ज्योतीरामनं आत्याला सांगितलं. ती रागावली नाही. भिंतीला टेकून बसली.

"दुखणं जिरत न्हाई, पोरा. समद्यांचं त्या कड्यात कोंडलेलं व्हतं. काय केलं तुमी त्याचं?"

"बुश ओतले, आत्या. पितळेच्या नळ्या, मशिनीत, इंजिनात बसवत्यात. सकाळीच ट्रक गेला."

"कुठं?"

त्याला ठाऊक नव्हतं.

महिन्याभरानं तो गावच्या गिरणीत दळण घेऊन गेला. बाया डबे घेऊन उभ्या होत्या. कुणी कंबर दाबत होती, कुणी गाल...

गिरणीच्या घरघरीखाली बारीक कण्हणं चाललं होतं.

"नवा बुश बसवलाय," गिरणीवाले दौलतराव कपाळ चोळत म्हणाले. "घासतोय वाटतं."

ज्योतीरामनं हातापाया पडून तो बुश काढायला लावला. आत्याकडे नेला. तिनं तो पदरात घेतला, तान्ह्या लेकरासारखा थोपटला.

बऱ्याच वेळानं कण्हणं थांबलं.

"एक आला घरी," ती म्हणाली.

बाकीचे कुठं कुठं फिरताहेत, कुणास ठाऊक.

ज्योतीराम आजही एसटीत चढण्याआधी इंजिनाजवळ कान देऊन उभा राहतो. मागचे लोक ढकलतात, कंडक्टर ओरडतो.

कधी कधी तो गाडी सोडून देतो... आणि चालत निघतो.