काट्यावरचं कोपर

अंथुर्ण्याच्या दूध डेअरीत विराज शिरला तेव्हा टेबलामागची मुलगी संगणकावर चिडली होती. पडद्यावरच्या शर्यतीत एक लाल गाडी पुलावरून उडाली होती आणि हवेतच थांबली होती.

"बारामतीहून आलोय. फॅट मशीन तपासायला."

"मशीन ठणठणीत हाय. आदी ह्ये बघा," संस्कृती म्हणाली. "मी शाळेत असल्यापासनंचा गेम हाय. खेळताना मधीच अडकतोय."

सकाळचं दूध गेलं होतं, संध्याकाळचं यायचं होतं. विराजने मशीन तपासलं आणि तो गेमपुढे बसला. संगणकातली धूळ काढली, गेम काढून पुन्हा टाकला. खेळून पाहिलं तर गाडी सुसाट! संस्कृती बघायला शेजारी येऊन बसली… आणि गाडी थांबली.

ती पाणी आणायला उठली. गाडी धावली. ती परत बसली — थांबली.

"तुम्ही जवळ आलात की अडकतो," तो गोंधळून म्हणाला.

"मग लांब बसू व्हय?"

"नको… म्हणजे, तसं नाही म्हणालो मी."

त्याचे कान लाल झाले. तिला हसू फुटलं. एवढं हसण्यासारखं काय होतं, ते मात्र तिला कळेना.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग आणखी एकदा. चौथ्या फेरीला त्याची नजर पडद्यावरून तिच्या हाताकडे गेली. बघताना तिचं कोपर शेजारच्या वजनकाट्यावर टेकलेलं असायचं. काटा लगेच संगणकाला आकडे पाठवायचा आणि जुना गेम त्या आकड्यांनी भांबावून जायचा. खेळण्यापुरती काट्याची वायर काढून ठेवायची, एवढाच उपाय होता.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

त्याने पिशवी आवरायला उगाच वेळ लावला.

तरी दोन दिवसांनी, ऐन संध्याकाळच्या रांगेत, तो दारात हजर! दूध घालायला आलेल्या कुशाबाईंनी भरली किटली खाली ठेवली.

"ओतू नगा रं दूध! ह्यो पंधरा दिसांत पाचव्यांदा आलाय. मशीनच बिघडलंय, म्हनून आमची फॅट कमी लागतीया."

रांग थांबली. चेअरमन आबासाहेब आतून आले.

"संस्कृती, खरं सांग. मशीन बिघडलं आन् तू झाकलं असशील, तर उद्यापासनं हितं दुसरं मानूस बसंल."

मशीन चांगलं होतं. गेमही आता नीट चालत होता. मग हा कशाला आला, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? तिने विराजकडे पाहिलं.

"मशीनमध्ये काही बिघाड नाही, आबासाहेब. पहिल्याच दिवशी तपासलंय," विराज म्हणाला. "नंतर मी… भेटायला येत होतो."

"मला?" आबासाहेब चकित झाले.

"नाही… संस्कृतीला."

रांगेत कुणीतरी खोकलं. कुशाबाईंनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि किटली उचलून काट्यावर ठेवली.

"मग आदी बोलायचं न्हाय व्हय, मुडद्या! दूध नासलं असतं की माजं. आन् पोर आवडली तर तिच्या बापाला भेट, डेअरीवर काय खेटं घालतोस!"

संस्कृतीने दूध मोजून घेतलं. मान वर न करता ती हळूच म्हणाली, "आमचं तात्या सकाळी उसाला पाणी देत्यात… रविवारी अकराच्या पुढं या."

विराज पुरता गोंधळला. "कुठं… इथं?"

आता मात्र तिने मान वर केली.

"घरी."