तिसऱ्या पानावरचं दुकान

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता आणि त्याने आपल्या मावशीचं शिलाई मशीन छातीशी कवटाळलं होतं. मशीन काउंटरवर ठेवलं आणि ओळख ना पाळख, धापा टाकत थेट म्हणाला, "तुमचं दुकान इंटरनेटवर सापडत नाही."

"नाही कसं? वेबसाइट आहे आमची. मी स्वतः केलीय."

"आहे हो. पण नकाशा मला तीन गल्ल्या पलीकडे लॉन्ड्रीत घेऊन गेला. तिथल्या काकू म्हणाल्या, या आठवड्यात असे आलेले तुम्ही चौथे."

मला हसू आलं, आणि लगेच विरलंही. म्हणजे बाकीचे तिघं तिथूनच परत गेले होते! आणि इथे आम्ही दिवसभर दाराकडे डोळे लावून बसत होतो.

शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बाबांचं, पण त्यांचा हात थरथरू लागल्यापासून काम मीच बघत होते. जागेच्या मालकांनी विचारलं होतं, पुढची तीन वर्षं जागा ठेवताय की सोडताय? दोन महिन्यांत सांगायचं होतं. गिऱ्हाईक वाढलं नाही तर बाबा दुकान बंद करून दादाकडे राहायला जाणार होते, आणि मी कुठल्यातरी शोरूममध्ये नवी मशीनं विकत उभी राहणार होते. या विचारानेच मला रडू यायचं. मला मशीनं विकायची नव्हती, उघडायची होती.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, देव जाणे. तो टॉवेलने डोकं पुसत नीट ऐकत होता, म्हणून असेल. त्याचं कामच हे निघालं. लोक काही शोधतात तेव्हा त्यांना कोणती वेबसाइट आधी दिसावी, यासाठी खटपट करायची. मी त्याचं नाव शोधवाला ठेवलं. तो मला मिस्त्रीबाई म्हणू लागला.

"तुम्ही मावशीचं मशीन करा, मी तुमची वेबसाइट करतो," तो म्हणाला. मशीन दुसऱ्या दिवशीच तयार झालं. तो मात्र रोज यायचा आणि मशीन न नेता परत जायचा.

"हे काय लिहिलंय? 'अचूक व तत्पर शिवणयंत्र सेवा'?" एकदा त्याने विचारलं.

"चांगलं वाटतं ना?"

"वाटतं. पण कोण शोधणार ते? मशीनमध्ये कापड अडकलेल्या बाईला तत्पर सेवा आठवते का?"

मग तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गिऱ्हाईकांचे शब्द जसेच्या तसे टिपू लागला. 'मशीन खालून धागा गुंतवतं.' 'टाके सोडतं.' 'चाक फिरतं, सुई हलत नाही.' प्रत्येक वाक्याचं वेबसाइटवर एक पान, आणि त्याखाली मी लिहिलेलं साधं उत्तर. खालून धागा गुंतला की सगळे खालच्या बॉबिनला दोष देतात, खरी चूक बहुतेक वेळा वरच्या धाग्यात असते — असं.

"म्हणजे गडबड एकीकडे, आरोप दुसरीकडे," तो म्हणाला.

"माणसांतही असंच असतं."

"माझं काय बिघडलंय, सांगाल?"

"उघडून बघावं लागेल..." मी म्हणून गेले, आणि कान तापले. तो वहीत डोकं खुपसून हसत बसला.

रोज सकाळी शटर वर केलं की मी फोनवर 'शिलाई मशीन दुरुस्ती' शोधायची. दीड महिन्याने एका सकाळी आमचं दुकान सगळ्यांत वर आलं! मी ओरडलेच. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "शनिवारी मालकांना होकार देऊन टाकतो," म्हणाले. शोधवाला आल्यावर मी त्याच्यापुढे फोन नाचवला. तो हसला, पण त्याचं हसू अर्धवटच राहिलं.

गुरुवारी त्याने तोंड उघडलं.

"मिस्त्रीबाई, तुमचा फोन तुमच्या मनासारखं दाखवतोय. तुम्ही रोज तीच वेबसाइट उघडता, म्हणून तो तीच वर आणतो. शेजारच्या चष्मेवाल्या काकांच्या फोनवर बघा."

मी तरातरा गेले, पाहिलं, परत आले. तिसरं पान. सव्विसावा नंबर.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही इतक्या खूश होता... जीभच रेटेना."

"वा! आणि बाबांनी होकार दिला असता म्हणजे?"

"म्हणूनच आज बोललो."

"तुमच्या फोनवर कितवं येतं?"

"ते नका विचारू."

"विचारतेय."

"पहिलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मीही रोज उघडतो. तुमचा फोटो आहे ना तिथे... मशीन खोलून बसलेला."

रागाने लाल व्हावं की लाजून, मला कळेना. शेवटी राग सोपा वाटला. "निघा आता," मी म्हणाले. तो गेला. शुक्रवारी स्टूल रिकामंच राहिलं, आणि दिवसभर माझ्या हातून स्क्रू पडत राहिले. त्याची आठवण येत होती, इतकी की मला माझाच संताप आला.

शनिवारी सकाळी मी बाबांना खरं काय ते सांगून टाकलं. सांगत होते तेवढ्यात तो दारात येऊन उभा.

"काका, चूक माझी आहे. मी आधीच बोलायला हवं होतं."

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "सव्विसावे आहोत. आधी कितवे होतो?"

"आधी दिसतच नव्हतो."

"पहिल्या पानावर जाऊ?"

"जाऊ शकतो. खात्री देत नाही."

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचा हात चांगला आहे," ते म्हणाले. "सव्विसावं असताना बंद केलं तर मला कायमची रुखरुख लागेल." मग त्यांनी मालकांना फोन लावला, तीन वर्षांसाठी होकार दिला, आणि चष्मेवाल्या काकांना बातमी सांगायला निघून गेले.

आम्ही दोघंच उरलो. बाहेर बारीक पाऊस लागला होता. तो स्टुलावर बसला नाही, उभाच राहिला.

"राग गेला?"

"तुम्ही बोललात त्याचा राग नव्हताच. इतके दिवस मला बरं वाटावं म्हणून गप्प बसलात, त्याचा होता."

"परत नाही बसणार गप्प."

"बघू. बाबांना तर खात्री देत नाही म्हणालात."

"पहिल्या पानाची नाही देत."

"मग कशाची देता?"

तो काउंटरच्या अगदी जवळ आला. आवाज एकदम हळू झाला. "माझी..."

माझे हात तेलाने माखलेले होते. तरी मी त्याचा हात धरला.

"दे मग," मी म्हणाले.