म्हापशाची फेरी

गुरुदास पेडण्याच्या बाजारात मोटारसायकल पायलट होता, मागच्या सीटवर भाड्याने माणसं नेणारा. म्हापशाचं गिऱ्हाईक मिळालं की खूश व्हायचा. शहाऐंशीच्या जुलैत मात्र तो त्याच रस्त्याने रोज एकटा जात होता. त्याचा चार महिन्यांचा मुलगा साईश न्यूमोनियाने म्हापशाच्या एका दवाखान्यात होता. सातव्या दिवशी दुपारी बाळाचा श्वास थांबला. डॉक्टर छाती दाबत राहिले. गुरुदासची बायको पद्मावती भिंतीला टेकून उभी होती. मग श्वास परत आला. चार दिवसांनी बाळाला घरी आणलं.

साईश बरा झाला. गालांवर तकाकी आली, आजीच्या मांडीवर खिदळू लागला. फक्त रडेना. भूक लागली तरी नाही. आणि आईने छातीशी घेतलं की तोंड फिरवायचा. आजीने, देवकीने, वाटी-चमच्याने दूध सुरू केलं.

एका दुपारी कपडे वाळत घालता घालता पद्मावती थांबली.

"तो रडता."

"कोण? साईश तर हंय खेळता."

"थंय रडता. दवाखान्यात. माका घेवन चला."

तिचं पोलकं पुढून भिजलं होतं. गुरुदासने मोटारसायकल काढली.

साईशला ठेवलं होतं त्या कोपऱ्यातल्या खोलीत आता कोणी पेशंट नव्हता. पद्मावती रिकाम्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून अर्धा तास बसली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा निवळला होता.

मग ते रोजचंच झालं. जेवणं आटोपली की ती मोटारसायकलजवळ येऊन उभी राहायची.

"बसू दी तिका," नर्स चंद्रावती म्हणायची. ती स्वतः मात्र त्या खोलीत जाईनाशी झाली होती.

परतताना तिची छाती हलकी झालेली असायची; ती तिथल्या मोरीत दूध पिळून टाकत असणार, अशी गुरुदासने मनाची समजूत घातली. एकदा त्याने दार किंचित लोटलं. तिच्या मांडीवर दुपटं होतं. दुपट्यात काहीच नव्हतं. पण घुटके ऐकू येत होते, घाईघाईचे, मध्येच दम खाणारे. त्याने दार ओढून घेतलं.

डिसेंबरात गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं आडवी पडली. पहिला दिवस पद्मावतीने अंगणात येरझारा घालत काढला. दुसऱ्या दिवशी दोघं चालत निघाली, तर पुलाजवळच्या जमावाने परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी ती कानांत बोटं घालून बसली.

"भुकेलो आसा तो. मी काय करू?"

गुरुदास पुन्हा रस्ता सुटला का बघून आला.

चौथ्या दुपारी तिने कानांतली बोटं काढली.

"निजलो तो," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिचं दूध आटलं.

रस्ता सुरू झाल्याबरोबर गुरुदास तिला दवाखान्यात घेऊन गेला. ती खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली, दोन्ही हातांवर दुपटं धरून. चंद्रावतीने नजर खाली वळवली.

घरामागच्या काजूखाली पद्मावती उभी राहिली.

"हंय खणा."

देवकी साईशला कडेवर घेऊन आत गेली आणि तिने दार लावलं.

गुरुदासने मांडीइतका खोल खड्डा खणला. घाम पुसला. बायकोच्या समाधानासाठी, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने हात पुढे केले.

पद्मावतीने दुपटं त्याच्या हातांवर ठेवलं.

त्याचे हात खाली गेले.

त्याने ते उघडलं नाही. अलगद खाली ठेवलं आणि माती ओढली.

ते वजन चार महिन्यांच्या बाळाचं नव्हतं. पुढचे पाच महिने रोज दूध पिऊन वाढलेल्या मुलाचं होतं.