बंद गलबतातले तीन ठोके

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं ते गुणवंतराव माझ्या आईचे काका. नात्याने माझे आजोबा. रंगवून सांगण्याची त्यांना सवय नव्हती, आणि हे तर ते सांगायलाच तयार नसत.

साल १९५६. मे महिना. चांदा जिल्हा, म्हणजे आताचं चंद्रपूर. माजरीच्या बाजूला एका मालकाची लहानशी कोळसाखाण होती. ती कधीच बुजली, म्हणून नाव घेत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे.

आमच्याकडचं मेमधलं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना माहीत आहे. बारा वाजले की दारं-खिडक्या बंद. रस्त्यावर कुत्रंही नाही. गावात माणूस आहे की नाही, असं वाटावं.

गुणवंतराव त्या खाणीचे सर्व्हेअर. जमिनीखालचे नकाशे काढायचे. सुटीच्या दुपारी ते खेळण्याएवढी लाकडी गलबतं बनवत.

मुंबईहून पार्सलने खोका यायचा. खोक्यात पातळ लाकडी फळ्या, त्यांवर छापलेले आकार, प्रत्येक तुकड्याला नंबर. डोलकाठ्या, दोरे, शिडाचं कापड आणि मोठा घडी घातलेला नकाशा. आकार कापायचे, घासायचे, सरसाने जोडायचे. आधी कणा, मग बरगड्या, मग बरगड्यांवर फळ्या. भिंतीवरच्या फळीवर चार गलबतं तयार उभी होती. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

पाचवं गलबत त्यांनी एप्रिलमध्ये हातात घेतलं. आवडीने नाही. झोप लागत नव्हती म्हणून.

कारण मार्चमध्ये खाणीत पाणी घुसलं होतं.

शेजारी एक जुनी, सोडून दिलेली खाण होती. पाण्याने भरलेली. मधली कोळशाची भिंत फुटली आणि ते सगळं पाणी इकडे आलं. माणसं पळाली, वर आली. तिघं नाही आली.

मंगरू, इतवारी आणि चैतू.

दुसऱ्या दिवशी पंपावरचा नूर मोहम्मद धावत ऑफिसात आला.

"साहब, पायपावर कोणी ठोकून राह्यलं! तीन ठोके... मग बंद. पुन्हा तीन."

मॅनेजर गुणवंतरावांकडे वळला. "तो पाइप खाली उत्तरेच्या गल्लीत जातो. त्या बोगद्यात माणूस जगेल अशी उंच जागा आहे?"

गुणवंतराव रात्रभर जागे होते. गल्ल्यांच्या मापांचं, चढ-उताराचं बुक कपाटात होतं. ते उघडलं नाही. नकाशावर बोट ठेवून ते म्हणाले, "नाही साहेब. सगळं पाण्याखाली आहे."

"मग आवाज?"

"लाकडी खांब फुगतात पाण्यात. त्यांचा असेल."

बस. इतकंच बोलले. पंप तिथून काढून खाणीच्या दुसऱ्या अंगाला लावले. नूर मोहम्मदलाही तिकडेच पाठवलं.

तिघं मेले, असं कागदावर लिहिलं गेलं.

आता मे.

पाचव्या गलबताचा सांगाडा पुरा झाला होता. वरची तक्तपोशी, म्हणजे पोटावरचं फळ्यांचं छत, बसवून त्यांनी सरस वाळत ठेवला. पोट चारी बाजूंनी बंद. एका रविवारी दुपारी ते टेबलाशी बसून दोरे ओवत होते. रुखमाबाई, त्यांची बायको, आतल्या खोलीत आडवी झाली होती.

ठक... ठक... ठक...

त्यांनी दाराकडे पाहिलं. एवढ्या उन्हात कोण?

दार उघडलं. कोणी नव्हतं.

परत येऊन बसले.

ठक... ठक... ठक...

आवाज दारातून नव्हता. टेबलावरून होता.

गलबताच्या आतून.

उन्हाने लाकूड तडकतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. गलबत उचलून फळीवर ठेवलं आणि त्या दिवशी हात लावला नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तीन ठोके, मग थांबणं, मग तीन. त्यांनी पातळ सुरी घालून तक्तपोशी उचकटली. आत पाहिलं.

रिकामं. कोरडं. स्वच्छ.

उघड्या गलबतावर डोळे लावून ते बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत, मागच्या टोकाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून...

ठक... ठक... ठक...

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आपलंच मन खातंय, असं धरून चालले. पण बुधवारी ते खाणीवरून परतले तर रुखमाबाई अंगणात उभी. भर उन्हात. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही.

"काऊन इथी उभी तू?"

"मी आत नाई जात," ती म्हणाली. "ते तुमचं जहाज वाजून राह्यलं."

"कवापासून?"

"तुमी खाणीवर गेल्यावर. काल बी वाजलं. मले वाटलं उंदीर हाय. पण उंदीर मोजून वाजवते काय?"

आता गुणवंतरावांना मनाचा खेळ म्हणायची सोय राहिली नव्हती.

तरी शेवटचा उपाय म्हणून ते म्हणाले, "किडा असन. पाणी टाकतो, म्हणजे निंघन बाहेर."

तांब्याभर पाणी त्यांनी गलबताच्या पोटात ओतलं. रुखमाबाई उंबऱ्यात उभी राहून पाहत होती.

किडा निघाला नाही.

पाणी पुढच्या बाजूला भरलं, मधे भरलं आणि मागे जाऊन थांबलं. गलबताचा तळ मागच्या अंगाला चढत जातो. त्यामुळे शेवटचा कोपरा कोरडाच राहिला.

घरात वारा नव्हता. टेबलाला कोणाचा हात नव्हता.

आणि त्या कोरड्या कोपऱ्यापासून पाण्यावर एक बारीक लाट उठली...

मग दुसरी...

मग तिसरी.

प्रत्येक लाटेबरोबर एक ठोका.

गुणवंतराव त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग चप्पल न घालताच ऑफिसकडे निघाले. कपाट उघडलं. बुक काढलं. उत्तरेच्या गल्लीचं पान.

गल्ली शेवटाला चढत गेली होती. सात फूट.

पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. हवा वर कोंडून राहिली होती. आकडे त्यांच्याच हातचे होते, दोन वर्षांपूर्वीचे.

ते तसेच मॅनेजरच्या बंगल्यावर गेले. तो झोपेतून उठून आला.

"साहेब, उत्तरेकडे पंप लावा."

"आता? अडीच महिन्यांनी? तिथे काय आहे?"

"माणसं आहेत."

"प्रेतं आहेत, गुणवंतराव."

"हो. पण ती पाण्यात नाहीत. बुडून मेली नाहीत ती." त्यांनी बुक पुढे केलं. "पंप लावा, नाहीतर मी हे पान वर सरकारकडे पाठवतो. माझी नोकरी गेली तरी चालेल."

मॅनेजर खूप वेळ त्या पानाकडे बघत होता. चार दिवसांनी पंप लागला.

पंप सुरू झाला त्या दिवसापासून गलबत गप्प झालं. पण रुखमाबाईने ते घरात राहू दिलं नाही. चौकीदाराकडून वर्धा नदीत सोडायला लावलं.

पाणी उतरायला जुलै उजाडला. सगळ्यात आधी खाली उतरले ते गुणवंतराव आणि दिवा धरून नूर मोहम्मद. चिखलातून चालत गल्लीच्या शेवटाला गेले. चढ लागला. चिखल संपला. पायाखाली कोरडी जमीन आली.

तिघं भिंतीला टेकून बसलेले होते.

शेजारी पाइप. पाइपाखाली एक दगड. पाइपावर एकाच जागी खोल पोचा.

नूर मोहम्मदने दिवा वर केला. कोळशाच्या भिंतीवर खडूने रेघा ओढल्या होत्या. एकाखाली एक. गुणवंतरावांनी मोजल्या. मग नूर मोहम्मदने मोजल्या.

अकरा.

"खुदा माफ करे," नूर मोहम्मद म्हणाला. कोणाला माफ करे, ते बोलला नाही. त्याने गुणवंतरावांकडे पाहिलंही नाही.

"बाकीच्यांना वर सांगू नको. आधी घरच्यांना मी सांगतो," गुणवंतराव म्हणाले, आणि वर येऊन, तोंडही न धुता, मंगरूच्या गावी गेले. मैलभरावर होतं.

मंगरूची बायको शकुबाई ओसरीवर सुपात तूर पाखडत होती. साहेबांना पाहून तिने पदर सारखा केला.

"शकुबाई... मंगरू सापडला."

तिने मान हलवली. सूप खाली ठेवलं.

"अकरा दिवस होता तो," ती म्हणाली.

खाणीतून गुणवंतरावांच्या आधी कोणी वर आलं नव्हतं.

"कोणी सांगितलं तुमाले?"

"कोण सांगन साहेब? माह्या पोटात आग पडली होती. भाकर खाल्ली तरी भूक. घागर पेली तरी तहान. सासूले म्हटलं, हे माही भूक नोहे, त्याची हाय. तो जिता हाय. कोणी आयकलं नाई. मंग बाराव्या दिवशी सकाळी उठली... अन् काईच नाई. सगळं शांत. त्याच दिवशी मी बांगड्या फोडल्या. लोकं म्हणे, बाई येडी झाली."

मग तिने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"एक इचारू साहेब? तो जिता हाय, हे तुमाले कवा समजलं?"

आजोबा इथवर सांगायचे आणि थांबायचे. मी त्यांच्याकडून हे दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा इथेच थांबले. दुसऱ्या वेळी मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलं तिला?"

आम्ही जेवायला बसलो होतो. रुखमाआजीने माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

आजोबांनी ताट पुढे सरकवलं आणि हात धुवायला उठले. अर्धी भाकर तशीच राहिली होती.